नववीची जागा म्हणजे काय?



या तिमाहीच्या अभ्यासासाठी मी एक साधा दिसणारा प्रश्न घेतला आहे. वाडीवरचे मूल आठवी पास झाले की जूनमध्ये त्याला नववीची जागा कोठे मिळते? हा पाठ एकट्याने वाचता येईल; पण शिक्षक, बालवाडीताई, वाडीतील दोन-तीन पालक आणि आपल्या मंडळीतील तरुण यांनी एकत्र बसून वाचला तर त्याचा अधिक उपयोग होईल. शेवटी चर्चेसाठी प्रश्न दिले आहेत.

हमरापूर आणि आसपास

आपल्यापैकी अनेकांनी हा भाग पाहिलेला नाही, म्हणून थोडी ओळख करून देते. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आपटा, जिते आणि मग हमरापूर अशी स्थानके लागतात. पुढचे स्थानक पेण. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत ही गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी सर्वदूर प्रसिद्ध आहेत. एका बाजूला खाडी आणि खारजमीन, दुसऱ्या बाजूला डोंगर. त्या डोंगराच्या अंगाला कातकरी आणि ठाकूर समाजाच्या वाड्या आहेत. महाराष्ट्रात केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून मानलेल्या जमाती तीन आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यांपैकी कातकरी समाज आपल्या दाराशी राहतो.

जिल्हा झपाट्याने वाढतो आहे. २००१ साली रायगडची लोकसंख्या सुमारे २२ लाख ८ हजार होती, ती २०११ च्या जनगणनेत सुमारे २६ लाख ३४ हजार झाली. त्यांत अनुसूचित जमातींचे लोक सुमारे ३ लाख ५ हजार, म्हणजे शंभरात अकरा-बारा. त्यानंतरच्या वर्षांत वाढीचा वेग तुम्ही-आम्ही डोळ्यांनी पाहतो आहोत. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते चिर्ले अटल सेतू सुरू झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. पनवेलकडून पेणकडे येताना शेतांच्या जागी इमारती दिसतात आणि इमारतींच्या जाहिरातींत 'शाळा जवळ' असे लिहिलेले असते.

शाळा जवळ आहे हे खरे. पण कोणाला जवळ आहे, हा आजचा अभ्यास.

माझी एक चूक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कातकरी वाडीतील मुलगी आठवी पास झाली. त्या वाडीत आठवीपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच मुलगी. जूनमध्ये मी तिला आणि तिच्या आईला घेऊन एका हायस्कुलात गेले. कार्यालयात सांगितले, "नववीची तुकडी भरली." दुसऱ्या ठिकाणी विचारले. तिथल्या मुख्याध्यापकांनी कागद पाहिले, मुलीला दोन प्रश्न विचारले आणि प्रवेश दिला. त्या दिवशी आम्ही तिघींनी पेणला वडापाव खाल्ला. संध्याकाळी मी माझ्या मासिक अहवालात लिहिले, 'इयत्ता नववी, प्रवेश मिळाला.' खाली रेघ मारली.

ऑगस्टमध्ये मी वाडीवर गेले तेव्हा ती घरीच होती. ओट्यावर बसून चिंबोऱ्या साफ करत होती. मी काही विचारायच्या आत तिची आई म्हणाली, "ताई, जागा गावली व्हती. पन वाट कुठं गावली?"

मग मी पहिल्यांदा ती वाट नीट पाहिली. वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत पाऊण तास पायी. मध्ये ओढा. पावसाचा जोर असला की पलीकडे जाता येत नाही, आणि सकाळी जाता आले तरी संध्याकाळी परत येता येईलच असे नाही. रस्त्यावर आल्यावर मिनिडोर. तिचे जाण्यायेण्याचे रोजचे भाडे म्हणजे घरातल्या दोन वेळच्या तांदळाचे पैसे. एका संध्याकाळी ती अंधार पडल्यावर भिजून घरी आली. त्यानंतर आईने तिला पाठवले नाही. मी आई असते तर मीही पाठवले नसते.

गणपतीनंतर वडिलांनी वीटभट्टीची उचल घेतली. दिवाळी झाल्यावर सगळे घर भट्टीवर गेले. दोन वर्षांनी मला ती एका भट्टीवर भेटली. तिच्या कडेवर मूल होते. तिने मला ओळखले, हसली आणि पाणी दिले.

माझ्या अहवालात ती अजून नववीतच बसलेली आहे.

ही चूक मी कोणा शाळेवर ढकलत नाही. ज्यांनी जागा दिली त्यांनी चांगल्या मनानेच दिली. मी जागा हा शब्दच अपुरा समजले होते. तेव्हापासून मी स्वतःला आणि सहकाऱ्यांना एक गोष्ट सांगते: नववीच्या जागेला चार पाय असतात. बाक, वाट, अंथरूण आणि कागद. एक पाय मोडका असला तरी मूल त्यावर टिकत नाही.

आठवीनंतर कायद्याचा हात सुटतो

चार पायांकडे जाण्यापूर्वी कायदा समजून घेऊ. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, पहिली ते आठवीसाठी आहे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाकारता येत नाही. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण द्यायचे, असेही कायदा सांगतो. खासगी शाळांतील पंचवीस टक्के राखीव जागांचा लाभही आठवीपर्यंतच मिळतो.

नववीच्या उंबरठ्यावर हे सगळे थांबते. अंतराची हमी नाही, फीची हमी नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत माध्यमिक स्तरापर्यंत सर्व मुले शाळेत असावीत असे उद्दिष्ट ठेवले आहे. उद्दिष्ट चांगले आहे. पण उद्दिष्ट दाखवून मुख्याध्यापकांकडे हक्क मागता येत नाही.

इतर देशांत काय करतात हे पाहिले तर फरक कळतो. इंग्लंडमध्ये प्राथमिक आणि माध्यमिक दोन्ही स्तरांवर पुरेशा शाळाजागा उपलब्ध ठेवणे हे स्थानिक प्रशासनाचे कायदेशीर कर्तव्य आहे. १९९६ च्या शिक्षण कायद्यात ते लिहिलेले आहे. त्यामुळे नवी वसाहत उभी राहणार असेल तर तिथे मुले किती येतील हे आधी मोजावे लागते. आपल्याकडे जून उजाडला की पालक दारोदार फिरतात. मोजणी पालकांच्या पायांनी होते.

पहिला पाय : बाक

तुकडी भरली असे सांगणाऱ्या लिपिकावर राग येतो. मलाही येत असे. नंतर एका मुख्याध्यापकांनी मला शांतपणे समजावले. शाळेला शिक्षक मिळतात ते संचमान्यतेप्रमाणे, आणि संचमान्यता ठरते ३० सप्टेंबरच्या पटावर. जूनमध्ये अचानक वीस मुले जास्त आली तर वर्गात बाक कोंबता येतील, पण शिक्षक लगेच मिळत नाही. शिक्षक मिळेपर्यंत आहे त्याच गणिताच्या सरांनी जास्तीच्या वह्या तपासायच्या. म्हणून मुख्याध्यापक जूनमध्ये हात आखडता घेतात.

याच बोलण्यातून मला एक वाट दिसली. आठवीत ३० सप्टेंबरला जितकी मुले पटावर आहेत, साधारण तितकीच मुले पुढच्या जूनमध्ये नववीची जागा मागणार. म्हणजे नववीची गरज साडेआठ महिने आधी कळू शकते. त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. वही लागते.

वाढत्या तालुक्यात नवे बाक येतातही. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याने नव्या खासगी शाळांना परवानगीचा मार्ग मोकळा झाला. अशा शाळांना सरकारी अनुदान नसते. त्या फीवर चालतात. त्यामुळे तालुक्यातल्या एकूण जागा वाढल्या असे कागदावर दिसते आणि तरी भट्टीवरच्या मजुराच्या मुलीसाठी एकही जागा वाढलेली नसते. रिकामा बाक आणि बाकाविना मूल, दोन्ही एकाच गावात, एकाच वेळी असू शकतात.

दुसरा पाय : वाट

वाटेचे महत्त्व सांगणारे एक चांगले उदाहरण बिहारमधले आहे. तिथे २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. शाळा त्याच, बाक तेच. अभ्यासकांनी नंतर तपासले तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. ज्यांचे घर शाळेपासून लांब, त्यांच्यात हा फरक जास्त होता. नवी खोली न बांधता जागा तयार झाली.

पण हे उदाहरण उचलून जसेच्या तसे आपल्या डोंगरावर ठेवता येणार नाही. बिहारची सपाट वाट वेगळी आणि आपली दगडांची, ओढ्याची वाट वेगळी. आपल्याकडे पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. तो सर्वांनी घ्यावाच. मात्र पास डांबरी रस्त्यापासून पुढे चालतो. वाडी ते डांबरी हे अंतर आपल्यालाच पाहावे लागते. तिथे साकव हवा का, मुले एकत्र निघतात का, संध्याकाळी कोणी मोठे माणूस सोबत असते का, हे प्रश्न शाळेच्या खोलीइतकेच महत्त्वाचे आहेत.

तिसरा पाय : अंथरूण

कातकरी कुटुंब दिवाळीनंतर भट्टीवर जाते आणि पाऊस तोंडावर आला की परत येते. घरच हलते, मग मुलाने रात्री कुठे झोपायचे? जिल्हा परिषदेच्या शाळांमधून अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आणि हंगामी वसतिगृह अशा सोयी निघाल्या, त्या मुख्यतः लहान वर्गांपुरत्या. नववी-दहावीचे मूल भट्टीवर गेले तर विटा थापायला दोन हात मिळतात. त्याला मागे ठेवायला कुटुंबाला हातभर कारण लागते.

इथे साताऱ्याचा इतिहास वाचण्यासारखा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. वेगवेगळ्या जातिधर्मांची मुले तिथे एका पंगतीत जेवत आणि एका छताखाली झोपत. महात्मा गांधींनी १९२७ मध्ये त्याला भेट दिली आणि त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. मुलांच्या जेवणाची अडचण आली तेव्हा लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. संस्थेचे पहिले हायस्कूल, महाराजा सयाजीराव हायस्कूल, निघाले १९४० साली.

तारखा पुन्हा पाहा. अंथरूण १९२४, हायस्कूल १९४०. मधली सोळा वर्षे खेड्यातली मुले साताऱ्यातल्या असलेल्या शाळांमध्येच शिकत होती. भाऊरावांनी जागा तयार केली ती रात्रीची, आणि दिवसाची जागा आपोआप उपयोगी पडली.

आपल्याकडे राज्यात सुमारे पाचशे शासकीय आणि त्याहून थोड्या अधिक अनुदानित आश्रमशाळा आहेत. रायगडचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय पेणलाच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात विशेष असुरक्षित गटांसाठी वसतिगृहांचा समावेश आहे. तेव्हा वसतिगृहाची मागणी करायला आज आधार आहे. मागताना खाटांच्या संख्येबरोबर आणखी काही विचारावे: मुलींसाठी अधीक्षिका रात्री तिथे राहते का? न्हाणीघराला आतून कडी आहे का? आजारी मुलीला दवाखान्यात कोण नेते? आईच्या मनात हेच प्रश्न असतात. ती ते कार्यालयात विचारत नाही. मुलीला घरी ठेवते.

चौथा पाय : कागद

वसतिगृह असो, शिष्यवृत्ती असो, अर्जाला जातीचा दाखला लागतो. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा विचारतात. ज्या आजोबांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात कोळसा पाडला, ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, ज्यांना शाळा माहीत नव्हती, त्यांचा १९५० चा कागद कुठून आणायचा? कागद नसेल तर स्थानिक चौकशीच्या आधारे दाखला मिळवता येतो, पण त्यासाठी तलाठी, सेतू आणि प्रांत कार्यालयात फेऱ्या होतात. एका फेरीला एक मजुरी बुडते.

आणखी एक गोष्ट. आता प्रत्येक मुलाची नोंद ऑनलाइन असते. मूल आठवीची शाळा सोडून पुढच्या शाळेत दाखल झाले नाही तर त्याचे नाव 'ड्रॉप बॉक्स'मध्ये जाते. पुढच्या शाळेने ते तिथून उचलून घ्यायचे असते. आधारवरची जन्मतारीख एक आणि शाळेच्या रजिस्टरात दुसरी असली की तिथेच घोटाळा होतो. शाळेत एका दिवसात दुरुस्त होणारी अक्षराची चूक जूनमध्ये लक्षात आली तर वर्ष खाते. हे काम हिवाळ्यात करायचे आहे.

आम्ही मोजायला शिकलो

शंभरांतले एक हरवलेले मेंढरू शोधायला गेलेल्या मेंढपाळाचा दाखला मी पदविकेच्या वर्गात कितीदा अभ्यासला. तो मेंढपाळ रोज मोजत होता म्हणून त्याला एक कमी असल्याचे कळले, ही गोष्ट मात्र मला वाडीवर समजली.

सप्टेंबरच्या अखेरीस, भाताला लोंब्या येण्याच्या दिवसांत, बालवाडीताई, दोन तरुण आणि मी तीन वाड्यांवर फिरलो. घरे अजून जागेवर होती. दिवाळीनंतर गेलो असतो तर कुलपे मोजावी लागली असती. वहीत सात रकाने आखले: नाव, वय, इयत्ता, शाळेपर्यंत चालत किती वेळ, दिवाळीनंतर घर कुठे असेल, घरी मागे कोण राहील, आणि कोणते कागद आहेत.

आठवीत अकरा मुले निघाली. मला वाटत होते की बाकच नाही म्हणून सगळे अडणार. वही वेगळेच बोलली. जवळच्या हायस्कुलात जागेचीच अडचण येईल अशी मुले तीन. वाटेमुळे अडणारी चार. दिवाळीनंतर मागे कोणीच नाही म्हणून अंथरूण लागणारीही चार. आणि कागदांत काही ना काही कमी असलेली अकराच्या अकरा. आम्ही फक्त बाकांसाठी निवेदन दिले असते तर अकरांपैकी तिघांच्या वाट्याचे काम झाले असते.

मग काम वाटून घेतले. हिवाळ्यात दाखल्यांच्या फेऱ्या केल्या. एका दिवशी एकाच्या मजुरीऐवजी दोन-तीन घरांचे कागद एकत्र नेले. जानेवारीत एका मुख्याध्यापकांकडे यादी घेऊन गेलो. नावे, पत्ते, चालण्याचा वेळ, सगळे लिहिलेले. ते बराच वेळ वाचत राहिले. म्हणाले, "जूनमध्ये लोक येतात, रडतात. जानेवारीत यादी घेऊन पहिल्यांदाच कोणी आले." त्यांनी पुढच्या वर्षीच्या अंदाजात ही मुले धरली.

वाटेसाठी वाडीनेच तोडगा काढला. मूर्तीकारखान्यात कामाला जाणारे दोन बाप्ये रोज सकाळी डांबरीपर्यंत जातातच. मुलांनी त्यांच्याबरोबर निघायचे आणि संध्याकाळी त्यांची वाट पाहून एकत्रच परतायचे. ओढ्याला पाणी चढले तर अलीकडच्या गावात एका आजींच्या ओटीवर थांबायचे. हे कोणत्याही योजनेत बसत नाही. पण त्या पावसाळ्यात एकही मुलगी अंधारात एकटी आली नाही.

जून आला तेव्हा पाच मुले रोज जाऊन-येऊन नववीत बसली. चौघांना निवासी जागा मिळाली. दोघे गेले. एक मुलगा मूर्तीकारखान्यात रंगकामाला लागला. हात चांगला आहे, पैसेही मिळतात, त्याला शाळेत परत आणणे सोपे नाही. एका मुलीला घरचे भट्टीवर घेऊन गेले. या दोघांची नावे आम्ही खोडली नाहीत. दर तीन महिन्यांनी वही उघडली की ती समोर येतात आणि कोणाला तरी त्यांच्याकडे जावे लागते.

पुढच्या जागा कुठून येतील?

अकरा मुलांचे तोडगे वाडीत निघू शकतात. तालुक्यातल्या सगळ्या मुलांचे निघणार नाहीत. त्यासाठी शासनाकडे मागायला हवे आणि काय मागायचे हे नेमके माहीत हवे. माझ्या अनुभवातून चार गोष्टी सुचवते.

एक, आहे त्या खोल्या. पट कमी झाल्याने काही प्राथमिक शाळांत खोल्या रिकाम्या पडल्या आहेत. सातवी-आठवीपर्यंतच्या शाळेला पुढचा वर्ग जोडण्याचा प्रस्ताव देता येतो. खोली आहे, मुले आहेत, हे यादीनिशी दाखवले तर प्रस्तावाला वजन येते. शिक्षक मात्र बरोबरच मागावेत. शिक्षकाविना वर्ग म्हणजे नुसती सावली.

दोन, दोन सत्रांची शाळा. सकाळी आणि दुपारी वर्ग भरवून त्याच इमारतीत दुप्पट मुले बसतात. शहराजवळ हे चालते. आपल्या मुलांना सकाळचे सत्र म्हणजे पहाटे अंधारात निघणे आणि दुपारचे सत्र म्हणजे अंधारात परतणे. म्हणून हा उपाय सुचवणाऱ्याला आधी वाटेविषयी विचारावे.

तीन, जमीन. नव्या वसाहतींचे आराखडे होतात तेव्हा शाळेसाठी भूखंड धरले जातात. जमीन महाग झाल्यावर शाळेला जागा शोधणे म्हणजे भरल्या गाडीत जागा शोधणे. मागणी आराखडा होत असतानाच करायला हवी.

चार, ग्रामसभा. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, म्हणून पेसा कायद्याने पालघर किंवा गडचिरोलीच्या आदिवासी गावांना मिळालेले ग्रामसभेचे खास अधिकार आपल्या वाड्यांना नाहीत. वाडीला मूळ गावाच्या ग्रामसभेतच बोलावे लागते, आणि तिथे वाडीचे लोक बहुधा मागे, दाराशी उभे असतात. २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरते ती आपल्या मोजणीनंतर दोनच दिवसांनी. त्या दिवशी वाडीतल्या आईने उठून यादी वाचावी आणि ती इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगावी. इतिवृत्तात आलेली मागणी पुढे नेता येते. बाहेर पायरीवर केलेली तक्रार पायरीवरच राहते.

शेवटी एका जुन्या कामाची आठवण देते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला वारली मुलांसाठी काम केले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. मोठी मुले गुरे घेऊन रानात जात, तर त्यांच्यासाठी कुरणशाळा काढली. मूल कुठे आहे हे त्यांनी आधी पाहिले आणि शाळेची जागा त्यावरून ठरवली. अंगणवाडी हा शब्द आज देशभर चालतो तो त्या अंगणातून आला आहे. नववीचा वर्ग कुरणात नेता येणार नाही, प्रयोगशाळा आणि परीक्षा यांना इमारत लागते. पण पहिले पाऊल तेच आहे: मूल कुठे आहे ते जाऊन पाहणे.

त्या पहिल्या मुलीचे मूल आता बालवाडीच्या वयाचे झाले असेल. मागच्या वर्षीपासून आमच्या वहीत एक नवा भाग आहे. त्यात वाडीतली पाच वर्षांखालची मुले लिहितो. त्यांना नववीची जागा लागायला अजून दहा-बारा वर्षे आहेत.

चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या वाडीत किंवा गावात या वर्षी आठवीत किती मुले आहेत? त्यांची नावे आत्ता सांगता येतील का?

२. प्रत्येक मुलासाठी चार पाय तपासा: बाक, वाट, अंथरूण, कागद. कोणता पाय सर्वांत कच्चा आहे?

३. वाडीपासून सर्वांत जवळच्या हायस्कूलपर्यंत गटातील प्रत्येकाने एकदा पायी जावे, शक्य तर पावसात. काय दिसले ते वहीत लिहावे.

४. दिवाळीनंतर कोणती घरे बंद होतात? त्या घरांतील मोठ्या मुलांना मागे ठेवायला कुटुंबाला काय लागेल?

५. साताऱ्यात वसतिगृह हायस्कूलच्या सोळा वर्षे आधी आले. तुमच्या भागात आधी काय यायला हवे, आणि का?

६. पुढच्या ग्रामसभेत यादी कोण वाचणार? तिच्याबरोबर कोण उभे राहणार?

७. तुमच्या अहवालांत अशी काही नावे आहेत का, जी कागदावर अजून वर्गात बसलेली आहेत? त्यांना भेटायला कोण जाईल, आणि कधी?